हार घातलेला रेडिओ

माणूस मेल्यावर त्याचे चाहते कुठून कुठून उगवतात, ते मी डोणगावात पाहिलं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. रेडिओवर हिंदीतून हॉकीचे सामने सांगणारा निवेदक वारला, आणि गावात ज्यानं त्याला कधी धड पुरतं बोलू दिलं नाही, तोच शोकसभेत सगळ्यांत पुढे बसला. तो आमचा सरपंच.

ग्रामपंचायतीचा रेडिओ त्याच्या ओट्यावर असायचा. रेडिओ गावाचा, पण बटन त्याचं. सामना ऐन रंगात आला की याला जांभई यायची. कोणी विनवलं तर "बॅटरी काय तुह्या बापाची हाय बे?" म्हणायचा, खटकन बंद करायचा आणि तिथेच लवंडायचा. तो खटका आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

ऐकणाऱ्यांत माझे काका होते. तरुणपणी ते बाभळीच्या वाकड्या काठीनं हॉकी खेळायचे. पुढे देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. तो निवेदक सुरुवातीलाच सांगायचा, आपला संघ कोणत्या हाताकडून कोणत्या हाताकडे खेळतोय. काका तसे सरकून बसायचे आणि चेंडू जाईल तिकडे तोंड वळवायचे. गोल जवळ आला की दुसरे निवेदक ओरडायचे, हा आवाज खाली आणायचा. काका म्हणायचे, "हा माणूस मले मैदानात नेऊन बसवते."

शोकसभेत फोटोची अडचण आली. त्याला कोणी पाहिलंच नव्हतं. मग सरपंचानं रेडिओच पाटावर ठेवला, उदबत्ती लावली, झेंडूचा हार घातला. कोणी हसलं नाही. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? आम्हाला त्याचं तेवढंच तोंड माहीत होतं.

मग आठवणी निघाल्या. ओट्यासमोरचा किराणा दुकानदार म्हणाला, ऐकता ऐकता तेल मापाबाहेर सांडायचं आणि त्याला पत्ता नसायचा. शेवटी सरपंच उठला. गळा दाटून आणत म्हणाला, "तो आपल्या घरचाच माणूस होता. त्याचा एक शबुद म्या खाली पडू देल्ला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, तेवढ्यात काका सरपंचाला म्हणाले,

"भाऊ, आज सामना हाय. नवा कोणी सांगून राह्यला असन. जराशीक लावता काय?"

"आज? सुतकात? हार घातलेला रेडिओ वाजवत नसतेत."

काकांना फक्त सामना ऐकायचा होता, आणि एवढ्या जमावात त्यांच्या बाजूनं एकाचंही तोंड उघडलं नाही. सगळे एकजात मिंधे.

"मंग मीबी एक आठवण सांगतो," म्हणत काका उभे राहिले.

आणि त्यांनी निवेदकाच्याच हिंदीत, त्याच्याच ढंगात मागचा अंतिम सामना सांगायला घेतला. बरोबरी होती, शेवटची मिनिटं चालली होती. चेंडू डावीकडून निघाला तसं काकांचं तोंड वळत गेलं. आवाज खाली आला. लोक पुढे सरकले. "अब सामने सिर्फ गोलकीपर," काका म्हणाले आणि थांबले.

"मंग?" दुकानदारानं विचारलं.

काकांनी तोंड सरपंचाकडे वळवलं. "जिंकलो म्हंतेत. म्या नाही आयकलं. भाऊले झोप आली होती."

सरपंच उदबत्तीकडे बघत बसला. दुकानदारानं उठून हार बाजूला काढला आणि बटन फिरवलं. सामना चालूच होता. काका घाईनं सरकून बसले.

नवा निवेदक नुसता ओरडत होता. कोण कोणत्या हाताकडून खेळतोय, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तोंड कुठे वळवावं हेच काकांना कळेना.