दर तीन महिन्यांनी येणारा मेसेज

बोर्ली पंचतनच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर, मी लोकांचे कराचे फॉर्म भरून देते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात माणसंच इतकी झपाटलेली येतात, की भुतांना जिन्यावर उभं राहायलाही जागा मिळायची नाही.

त्या वर्षी एक डंपरवाला आला. घरची भातशेती, आणि जेट्टीच्या बांधकामावर दगड टाकायचं कंत्राट. कंपनीने वर्षभर त्याच्या बिलांतून कर कापला होता, पण त्याच्या नावावर काहीच जमा दिसत नव्हतं. कंपनीचे फॉर्म मीच भरते, त्यामुळे तो माझ्यावरच उखडला. मीही ऐकून घेणारी नाही. पण शोधल्यावर घोळ सापडला. हे काम आधी त्याच्या थोरल्या भावाकडे होतं. कंपनीच्या कारकुनाने माहिती पाठवताना नाव धाकट्याचं केलं आणि पॅन नंबर थोरल्याचाच राहू दिला. सगळा कर थोरल्याच्या खात्यात जात होता.

"दादाच्या?" म्हणून तो खाली बसला.

थोरला दोन वर्षांपूर्वी मित्राच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी मासे मारायला गेला होता. होडी उलटली. मित्राचं प्रेत मिळालं, हा सापडलाच नाही.

चूक तशी सोपी होती. दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, नंबर बदलायचा. निघताना त्याने सहज सांगितलं, की दिवस कलला की हल्ली जेट्टीवर मजूर थांबत नाहीत. एक बाई येते म्हणे, एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघते आणि सुरूच्या बनात निघून जाते. त्याने स्वतः पाहिली नव्हती. मी म्हटलं, काम टाळायला बरं निमित्त आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची वहिनी आली. गळ्यात मंगळसूत्र, हातात चार्जरसकट मोबाईल. आधी तिने प्लग कुठे आहे ते विचारलं. नवरा त्या दिवशी फोन घरी चार्जिंगला लावून गेला होता. तेव्हापासून तिने तो कधी बंद पडू दिला नव्हता, रिचार्जही चुकवला नव्हता. आणि त्यावर दर तीन महिन्यांनी कर खात्याचा मेसेज येत होता, की अमुक कंपनीने तुमचा कर कापला. कर कापला म्हणजे पगार झाला, पगार झाला म्हणजे माणूस कामावर आहे. घरात कुणाला न सांगता ती संध्याकाळची जेट्टीवर जाऊन त्याला शोधत होती.

जेट्टीवरची बाई माझ्यासमोर बसली होती.

मी तिला कारकुनाची चूक जमेल तितक्या हळू समजावली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नंबर बदलल्यावर तसा पन मेसेज येतो का?"

"नाही येत."

"मंग ह्यांना कसं कळनार?"

दुरुस्ती मात्र मी त्याच संध्याकाळी पाठवली, धाकट्याच्या घामाचे पैसे होते ते. बटण दाबताना बुडत्या माणसाचा हात सोडल्यासारखं वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा आली. या वेळी मेसेज आला नव्हता. तिने न विचारता फोन प्लगला लावला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, तुमच्या फोनवरनं एकदा लावा ना."

नाही म्हणायला हवं होतं. मी नंबर फिरवला. आमच्या दोघींच्या मधे तो फोन वाजायला लागला. तिने हात पुढे केला नाही, मीही कट केला नाही. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो, कुणीतरी उचलेल अशा. शेवटी तो आपोआप थांबला.

तिने वायर गुंडाळली, फोन पदराखाली घेतला.

"लागतोय अजून," ती म्हणाली, आणि जिना उतरून जेट्टीच्या रस्त्याला लागली.