कांडप यंत्र कुणी चालवायचं

अन्याय झाला तो आष्ट्यातल्या आमच्या बचत गटातल्या एका विधवा बाईवर. अठ्ठ्याण्णव सालच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या बैठकीत. ती बैठक मी बोलावली होती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवायला लागले तर तुम्ही मला अडवाल.

तिला आम्ही मावशी म्हणायचो. उन्हाळ्यात लोकांच्या घरी जाऊन मुसळानं मिरची कांडायची, त्यावर तिचं आणि लेकीचं वर्ष निघायचं. कोपरापर्यंत हातांची आग आग व्हायची. गटानं कांडप यंत्र घ्यावं ही कल्पना तिची. दारोदार हिंडून बायका गोळा केल्या त्याही तिनंच. यंत्र ती चालवणार हे इतकं गृहीत होतं, की कागदावर घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

बैठक म्हटलं की नवरे बायकांना सोडत नसत. हळदीकुंकू म्हटलं की कुणी अडवत नसे. मी गटाची सचिव, नुकतीच सांगलीला बचत गटांचं शिबिर करून आलेली, पिशवीत पत्रकं आणि डोक्यात नको तेवढी हुशारी. अध्यक्षीणबाईंच्या घरच्या हळदीकुंकवातच बैठक उरकायची, असं मी ठरवलं. बायका नटून आल्या. एवढी हजेरी कधीच नव्हती. मी फुशारले.

मावशी आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. आत तबक फिरत होतं. मी तिला आत या म्हटलं, तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, वाण वाटून झाल्यावर घेऊ की, घाई काय आहे.

"पोरी, सांगावा बैठकीचा व्हता का हळदीकुंकवाचा?" मावशीनं मला विचारलं.

"दोन्हीचा."

"मग मी निम्मीच आले म्हण की."

आतल्या दोघीतिघी हसल्या. ती बाहेर कट्ट्यावर चपलांशेजारी बसली.

यंत्राचा विषय निघाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आमच्या सोप्यात जागा आहे, वीज आहे, आमची सून चालवेल. एकीनं मावशीचं नाव काढलं. लगेच दुसरी म्हणाली, "त्या हायत कुठं हितं?" ठराव हजर सभासदांच्याच मतानं व्हायचा, हा नियम माझाच. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. दहा पावलांवर बसलेली बाई गैरहजर ठरली. तिला आत आणलं असतं तर चारजणी उठून गेल्या असत्या, आणि मला माझी हजेरी मोडायची नव्हती.

चैत्रात यंत्र अध्यक्षीणबाईंच्या सोप्यात आलं. गावाची चटणी तिथं होऊ लागली आणि मावशीला कांडायला कुणी बोलावेना. लेकीची शाळा सुटली. मावशी कुपवाडला एका कारखान्यात झाडलोट करायला लागली. गटात परत या, असं सांगायला मी तिथं गेले. केरसुणी खाली न ठेवताच ती बोलली.

"गट चांगला हाय. लय बायकांचं भलं झालं. माझं तेवढं काम खाल्लं त्यानं."

त्या वर्षीच्या अहवालात मी तिच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग लिहिला.

तुमच्या गावात गट असेल तर त्याची बैठक हळदीकुंकवात घेऊ नका. शाळेत घ्या, चावडीत घ्या. नवरे अडवत असतील तर नवऱ्यांशी भांडा. आणि गटातली प्रत्येक विधवा आत येऊन सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसल्याशिवाय एकाही ठरावावर सही करू नका.