आत्याचा जबडा

आमची आत्या दात न उघडता बोलायची. हसतानाही ओठच काय ते फाकायचे. आमच्या पोशीर गावच्या टवाळांनी तिचं नाव ‘दातखीळ’ ठेवलं होतं. मेल्यांना दुसरा धंदा नव्हता.

तिला फेफरं यायचं. आलं की शेजारीपाजारी धावत यायचे. एकजण नाकाशी चप्पल धरायचा, दुसरा डोकं दाबून धरून दातांत चमचा खुपसायचा. मदतच करायचे बिचारे! त्या मदतीत तिचा पुढचा दात मोडला. तेव्हापासून डोक्याला कुणाचा हात लागला की ती जबडा आवळायची. मी वेणी घालायला बसले तरी तिच्या कानशिलावरच्या शिरा तट्ट फुगायच्या. “अगं आत्या, मी हाय,” म्हटलं तरी तेच.

सासर चौक गावचं, नवरा तिथल्या गॅरेजात. दोन्ही घरांनी छप्पन साली धम्म घेतला, देव नदीत सोडले. तरी सासू कुजबुजायची, “जुनी देवी हिला सोडत नाय.” तिनं आत्याला माहेरी धाडलं आणि आत्याची पोर ठेवून घेतली. आत्या म्हणायची, “देव बुडवले गं, भ्या मात्र घरातच ठेवलं.” नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे त्याची जीभ उचलत नव्हती. तो म्हणाला, “आजार हाय असा डाक्टरचा कागद आण. मग आईला मी गप करतो. पोरीजवळ ऱ्हा खुशाल.”

म्हणून मी तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. तिथं डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढत. तिथल्या बाईंनी केसांत तारा चिकटवायला हात घातला, आणि आत्याचा जबडा घट्ट आवळला! यंत्राच्या लेखण्या अशा थरथरल्या की कागद काळाभोर झाला. तो बघून आत्याचा चेहरा उजळला. “दिसलं नव्हं? केवढं दिसलं!”

बाई हळूच म्हणाल्या, “ताई, हे मेंदूचं नाही हो. हे जबड्याच्या स्नायूंचं आहे. त्याच्याखाली मेंदूचं काही वाचताच येत नाही. जबडा सैल सोडा.”

सोडायला गेली की जास्तच आवळायचा. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहिलं, ‘आलेख अवाचनीय, पुन्हा काढावा.’ पुढची तारीख दिवाळीनंतरची. घरी येईपर्यंत मला रडू येत होतं आणि त्या सासूच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्या बांधावरची हिरवी काडी दातांत धरून बसायला लागली. “ठेव गं डोक्यावर हात,” म्हणायची. मी हात ठेवला की काडी कचकन तुटायची. थुंकायची, दुसरी घ्यायची. भातलावणीच्या सुमारास एकदा हात ठेवला आणि काडी अख्खी राहिली. आत्या तोंड उघडून हसली. तिचा तो मोडका दात मी तेव्हा नीट पाहिला. “आता लावा म्हणावं किती बी तारा!”

गोळ्यांनी फेफरं कमी झालं होतं, गेलं नव्हतं. चिखलात उतरू नको असं मी तिला बजावलं होतं. “भावाचं बसून खाऊ का?” म्हणाली. बाकीच्या बाया पलीकडच्या बांधावर भाकरी खात होत्या. कुणाचं लक्ष गेलं तेव्हा ती आव्यांच्या, भाताच्या रोपांच्या, मुठींमध्ये पालथी पडली होती. पाणी घोट्याच्या वर नव्हतं.

चौकहून नवरा आला, सासू पोरीला घेऊन आली. “नेलीच देवीनं,” सासू म्हणाली. नवरा या वेळीही गप्पच होता. आत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. पोर वाकून बघत राहिली आणि तिनं मला विचारलं, “आयेचा दात कुठं गेला?”

म्हातारी शेजारीण म्हणाली, “जबडा बांधा गं तिचा, फडकं आणा.”

फडकं मीच आणलं. बांधण्याआधी सवयीनं डोक्यावर हात ठेवला आणि जबडा आवळतो का ते बघत थांबले.