पाच महिने आधी वाजलेलं गाणं

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचल्या. या सदरातल्यासुद्धा... रागावू नका. माझी नोकरी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात. दिवसभर कागद तपासायचे. कागदावरचं वजन आणि कंटेनरचं वजन जुळलं नाही की गाडी गेटवरच अडते, विषय संपला. त्यामुळे अमुक दिसलं, तमुक ऐकू आलं असं कोणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा — पुरावा काय?

आता तोच प्रश्न तुम्ही मला विचाराल. विचारा.

माझं नाव सुहास, वय एकोणचाळीस. नेरूळ पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचा फ्लॅट. बायको मृणाल कॉलेजात लायब्ररियन आहे. नोकरी सोडून माझा दुसरा उद्योग म्हणजे विनोदी गाणी. स्वतः लिहायची, गिटारवर चाल लावायची, बेडरूममध्ये गादी भिंतीला उभी करून रेकॉर्ड करायची आणि नेटवर टाकायची. सोसायटीची लिफ्ट, पार्किंगची भांडणं, ग्रुपवर रोज फुलं पाठवणारे काका... असले विषय. कधी वाशीच्या कॅफेत वीस माणसांसमोर, कधी सीवूड्सच्या एखाद्या सोसायटीच्या गणपतीत आरती आणि महाप्रसादाच्या मधल्या वेळेत. अशी सहा वर्षं गेली. एकदा तरी रेडिओवर वाजावं, एवढाच हट्ट होता. एका एफएम स्टेशनला तीन गाणी पाठवली होती. ‘आपला ईमेल मिळाला’ असं उत्तर आलं, ते पण आपोआप येणारं.

गेल्या वर्षी जूनमध्ये साहेबांनी विचारलं, “गुजरातेत, मुंद्रा बंदरातल्या आपल्या ऑफिसला इन्चार्ज म्हणून जातोस का?” मृणाल म्हणाली, “तू ठरव. मी कुठेही काम शोधेन. पण रोज संध्याकाळी तोंड पाडून बसायचं बंद कर.” मी जायचं ठरवलं. गिटार कव्हरमध्ये घालून माळ्यावर टाकली.

तेव्हा एक गाणं अर्धवट पडलं होतं. पोर्टवरचा एक कामगार आपला जेवणाचा डबा चुकून कंटेनरमध्ये विसरतो, कंटेनर सील होतो आणि डबा निघतो दुबईला. मुखडा असा होता —

डबा माझा दुबईला गेला,
मी राहिलो शेव्याला,
बायको विचारी संध्याकाळी,
काय सांगू मी तिला?

पहिलं कडवं पण झालं होतं. दुबईत डबा उघडला जातो, तिथे काय होतं ते मात्र काही केल्या सुचेना. गाणं माझ्या वहीत आणि फोनमधल्या छोट्या रेकॉर्डिंगमध्ये, बस्स. मृणालशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

मुंद्र्याला होकार कळवायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

“हालो, डब्याचा गाना बोलनारं सुहासभाऊ तुमीच ना? मी उरनवरशी हिरा बोलतंय. दिनेशची मावशी.”

दिनेश ट्रेलर चालवतो, कागद घ्यायला आमच्याकडे येतो. चाळिशीचा, अबोल माणूस. माझा नंबर त्याच्याकडे असणं साहजिक होतं.

“कुठलं गाणं काकू?”

“आज रेडिओवं लागलेला ना! डबा दुबईला गेला. बाईनं नाव सांगला, नेरूलचे सुहास, पोर्टावं कामाला हाईत. मी दिनेशला बोललू, ह्यो तुजा सायब तर नाय?” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “आमचे मालकांना अर्धांगाचा झटका आलाय भाऊ. आठ महिने झालं, तोंडातशी शब्द नाय. आज त्या मांजरांचे कडव्याला हासलं. हासलं ना बोललं, ‘मांजरा.’ आता रेडिओकडं हात करून बसलेत. पुन्ना कवा लावतील तेवरा सांगा.”

मी म्हटलं, “काकू, माझं गाणं रेडिओवर लागलेलं नाही. आणि मांजरांचं कडवंच नाहीये माझ्या गाण्यात.”

“असा कसा?” म्हणाली, आणि म्हणायलाच लागली. चाल माझीच. मुखडा माझा, पहिलं कडवं माझं, शब्दाला शब्द. आणि मग —

सायब बोलला, उघड झाकन,
वास सुटला सुकटीचा,
बंदरावरल्या मांजरांनी
रस्ता धरला दुबईचा!

आमचं घर साताऱ्याकडचं, पूर्ण शाकाहारी. माझ्या गाण्यातल्या डब्यात भेंडी होती. सुकटीचं मला सात जन्मांत सुचलं नसतं. 

पहिला संशय मृणालवर. “तू पाठवलंस का कुठे?” ती भडकलीच. “अर्धं गाणं कोण पाठवतं रे?” मग दिनेशला फोन. तो म्हणाला, “साहेब, तुमी गाता हेच मला आज मावशीकडनं कळलं.” रेडिओ स्टेशनला फोन केला. तिथल्या मुलीने दोनदा तपासून सांगितलं, या नावाचं गाणं आमच्याकडे आलेलंच नाही.

मुंद्र्याचं दोन दिवसांनी सांगतो, असं मी साहेबांना कळवलं. शनिवारी गिटार खाली काढली आणि मृणालला घेऊन उरणला गेलो.

गावात शिरताच तिसरं घर. ओसरीवर पलंग, पलंगावर हिराकाकूंचे यजमान. रापलेला चेहरा, उजवा हात मांडीवर निपचित. पूर्वी मिठागरात आणि नंतर गोदीत काम केलेला माणूस. सगळे त्यांना तात्या म्हणत. खिडकीत जुना ट्रान्झिस्टर होता. मी गायला लागलो. तात्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मांजरांच्या ओळीला मी अडखळलो, तर काकूंनी पुढचा शब्द दिला. आणि तात्या हसले. आवाज घशातल्या घशात, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “मांजरा,” म्हणाले, “मांजरा... गेली.” काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. मृणाल माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण ती पण रडत होती.

चहा पिताना मी तपासणी सुरू केली, सवयच ती. कधी वाजलं? काकू म्हणाल्या, गुरुवारी सकाळी, तात्यांचा व्यायाम घेणारा माणूस येऊन गेल्यावर. रेडिओवरची बाई गाण्यानंतर काय बोलली?

“ती पन हासत व्हती. टाइम चुकीचा बोलली. बारा वाजलं बोलली, ना मंग बोलली, सॉरी सॉरी, अकरा. आनि बोलली, माजा डबा पन आज घरान रायला.”

मृणालने हे तिथल्या तिथे फोनमध्ये टाइप करून ठेवलं. तारखेसकट. पुरावा म्हणायचा तर एवढाच आहे.

त्यानंतर मी मुंद्र्याला नाही म्हटलं. साहेबांना ‘घरगुती कारण’ सांगितलं. खरं कारण हे की, एक माणूस आठ महिन्यांनी बोलला होता आणि ते गाणं अजून पूर्णसुद्धा नव्हतं. मी शेवटचं कडवं लिहिलं, नीट रेकॉर्डिंग केलं आणि स्टेशनला पाठवलं. फॉर्मवर ‘गीतकार’ असा रकाना होता. मी काकूंना फोन केला, “दुसऱ्या कडव्याला तुमचं नाव टाकतो.”

“माजा नाव नको,” काकू ठाम म्हणाल्या. “मी कुटं रचला? मी रेडिओवं आइकला ना तुमाला सांगला.”

मी काकूंकडून ऐकलं, काकूंनी रेडिओवरून ऐकलं, आणि रेडिओला ते मी पाठवत होतो. फॉर्म समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. शेवटी माझंच नाव लिहिलं, कारण रकाना रिकामा सोडता येत नव्हता.

नोव्हेंबरमध्ये स्टेशनचा फोन आला, या आठवड्यात लावतोय. गुरुवारी सकाळी आमचं अख्खं ऑफिस एका मोबाइलभोवती जमलं होतं. मृणालने कॉलेजातून फोन चालू ठेवला होता. गाणं वाजलं. साहेब मांजरांच्या कडव्याला इतके हसले की चहा सांडला. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते घडत होतं, आणि मला गाणं ऐकूच येत नव्हतं. मी गाणं संपायची वाट बघत होतो.

आरजे हसत हसत म्हणाली, “आई गं... माझा पण डबा आज घरी राहिलाय! वेळ झालीये बारा — सॉरी सॉरी, अकरा!”

ऑफिस टाळ्या वाजवत होतं.  फोनवर पलीकडून मृणाल म्हणाली, “सुहास, मी बाहेर जाऊन बसते जरा.”

त्या दिवसानंतर बरंच झालं. तेच गाणं अजून दोन स्टेशनांवर वाजलं, पनवेल आणि ठाण्याला कार्यक्रम मिळाले, शनिवार-रविवार आता घरी नसतो. नोकरी चालू आहे. मृणालचं म्हणणं, काकूंनी डब्याची आणि वेळेची बडबड दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमात ऐकली असेल आणि बाकी योगायोग. मी विचारतो, मग कडवं? त्यावर ती विषय बदलते. दिनेशने ऑफिसच्या भिंतीआडून काही ऐकलं असेल का, तेही बघून झालं. ऑफिसात मी ते कधी गुणगुणलोच नव्हतो. आणि जे लिहिलंच नव्हतं ते कोणी भिंतीआडून कसं ऐकेल?  कोणाला उत्तर सापडलं तर जरूर कळवा, मी भांडणार नाही.

त्या गुरुवारी दुपारी मी काकूंना फोन केला होता, एवढं मात्र सांगायचं राहिलं. तात्या तोवर काठी घेऊन ओसरीवर चालायला लागले होते, तुटक तुटक बोलायचे.

“काकू, लागलं ना आज? ऐकलंत?”

“आइकला. तोच, तीच बाई.”

“तात्या हसले का?”

 “नाय हासलं. रेडिओ बंद केला त्यांनी. बोललं, जुना गाना हाय.”