थेट घरी जायचं नाही

आमच्या मालिनाओ गावात कोणी मेलं की सगळ्यात आधी दोन बायकांना कळायचं. एक शवपेट्या बनवणाऱ्याची बायको आणि दुसरी तिया एपांग, म्हणजे एपांग मावशी. पहिलीचा धंदाच तो. दुसरी मात्र बातमी कानावर पडताच वेणी घालायला घ्यायची, पावडर लावायची, आणि माझ्या भाड्याच्या ट्रायसिकलकडे बघून मान हलवायची. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "तिया एपांगला जत्रेचं बोलावणं आलं!" त्या पोरांत मीही होतो, हे लपवत नाही.

तिचं पूर्ण नाव एपिफानिया. तेव्हा वय एकोणसाठ, अंगावर मांस म्हणाल तर बेताचंच. भर पावसात भिजली तरी त्रेचाळीस किलोच्या वर काटा जायचा नाही. घरी बसून अबाकाच्या, म्हणजे रानकेळीच्या, वाखाच्या चपला विणायची. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीनेही केलं नाही, आणि दोघींचं मिळून जे एक आयुष्य झालं ते थोरलीच्या ताब्यात होतं.

थोरली म्हणजे मॅडम साबेल. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण गावाला अजून सुट्टी मिळाली नव्हती. त्या समोरून आल्या की मी तेव्हाही हँडल सरळ धरायचो. एपांगला त्यांनी तीन रस्ते आखून दिले होते: घर ते चर्च, घर ते बाजार, आणि घर ते मयताचं घर. चर्चमधलं बाक तेच, मासेवाली तीच. एकदा एपांगने मानायला, म्हणजे थोरल्या ताईला, विचारलं म्हणे, "मानाय, पुलापलीकडे काय आहे गं?"

"इकडे आहे तेच. फक्त लांब," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

पण एक नियम मॅडमपेक्षाही जुना होता. मयताच्या घरून थेट आपल्या घरी यायचं नाही. वाट वाकडी करायची, कुठेतरी टेकायचं, मग घरी. गेलेला माणूस पाठोपाठ आला असेल तर तो तिथे रेंगाळतो आणि आपण सटकतो. आमच्याकडे याला पागपाग म्हणतात, म्हणजे झटकून टाकणं. बहुतेक लोक कोपऱ्यावरच्या टपरीत थंड पेय घेतात, दोन घोटांत मेलेल्याला दुकानदाराच्या गळ्यात घालतात आणि घरी जातात. फादरशी हुज्जत घालणाऱ्या मॅडम साबेल या एका गोष्टीला मात्र घाबरायच्या. "थेट आलीस तर उंबरा ओलांडू देणार नाही," हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलंय.

म्हाताऱ्या न्हाव्याच्या मयताच्या दिवशी ती कोपऱ्यावरची टपरी बंद होती. तिया एपांग माझ्या साइडकारमध्ये बसली.

"कुठे, तिया?"

"जिथे मी कधी गेले नाही तिथे."

"मग सोपं आहे. तुम्ही कुठेच गेला नाहीत."

मी तिला पुलापलीकडे, तिवीला नेलं. तिथे बर्फाच्या चुऱ्यावर दूध, रताळं, गोड वाल आणि वर किसलेलं चीज घालून उंच पेल्यात देतात. तिने पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मानाय खोटं बोलली."

त्या दिवसापासून तिने स्वतःलाच शर्त घातली. दर मयतानंतर नवी जागा, आणि त्या जागी आजवर न केलेली एक गोष्ट. समुद्रावरच्या कराओकेत उभं राहून गाणं म्हटलं, सूर बोंबलला तरी शेवटपर्यंत. मिरचीचं आइस्क्रीम खाल्लं आणि रडत रडत दुसरं मागितलं. भाताच्या मोकळ्या खाचरात माझी ट्रायसिकल चालवली आणि बांधावर चढवली. हे सगळं घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून मला परत परत सांगायची, जणू मी तिथे नव्हतोच.

आता वजनाचं सांगतो. ट्रायसिकल म्हणजे मोटारसायकलला उजवीकडून जोडलेला पत्र्याचा डबा. डब्यात किती वजन आहे ते ड्रायव्हरला मागे न बघता कळतं, कारण हँडल तेवढं उजवीकडे ओढतं. मयताच्या घरून निघताना माझं हँडल दोन माणसांचं ओढायचं. परत येताना एकाचं. आधी मला चाकातली हवा कमी वाटली. मग स्प्रिंग बदलली. मग एक दिवस नीट पाहिलं. तिया एपांग दोघांच्या बाकावर अगदी कडेला, बाहेरच्या बाजूला अंग चोरून बसली होती. माझ्या बाजूची अर्धी जागा रिकामी होती.

"तिया, ऐसपैस बसा की."

"कशी बसू? आहेत ना ते." तिने पदर सारखा करावा तशी स्कार्फची टोकं आवरली. "गार लागतं या बाजूला. बाकी त्रास काही नाही, बिचारे नुसते बघत बसतात. माझ्यासारखेच, कुठे गेलेले नसतात."

मी कचकन ब्रेक दाबला. पण जीभ जागेवर होती. "मग भाडं दोघांचं घ्यायला हवं."

"त्यांच्याकडे माग."

पुढे ती जागाही गेलेला माणूस बघून निवडू लागली. मला म्हणायची, "कंटाळवाण्या जागी सोडलं तर तो थांबेल का, नोनॉय? तू थांबला असतास बस स्टँडवर?" गवंडी तियो ग्रेगोरियो गेले तेव्हा तिने शेजारच्या ताबाको शहरातल्या नव्या मॉलचा सरकता जिना निवडला. ग्रेगोरियोंनी जन्मभर दुसऱ्यांचे जिने बांधले, स्वतःचं घर बैठं. तिया स्वतःही त्या जिन्यावर कधी चढली नव्हती. पहिल्या पायरीपाशी सात-आठ मिनिटं उभी राहिली, पाय पुढे, पाय मागे. पहारेकरी हसू दाबत होता. शेवटी डोळे मिटून चढली आणि वर पोचल्यावर मला हात केला. पहारेकऱ्याचं हसू तेवढ्यात गेलं.

"आजींना सांग," तो मला म्हणाला, "सोबतच्या आजोबांना कठडा धरायला सांगा म्हणावं."

मी वर पाहिलं. तिया एपांग एकटीच होती. मी पहारेकऱ्याला काही बोललो नाही. त्याला रोज तिथेच उभं राहायचं होतं.

परतीला डबा हलका होता.

पुढच्या फेब्रुवारीत मॅडम साबेल अंथरुणाला खिळल्या. तोवर बहिणीच्या भटकंतीची खबर त्यांना लागली होती. लागणारच, अर्ध्या गावाला त्यांनीच वाचायला शिकवलेलं, चहाड्या करायला कोणी वेगळं शिकवावं लागतं का! मी औषधं घेऊन गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि एपांग खाली चप्पल विणत होती.

"मेलेल्यांच्या नावावर मजा मारतेस," मॅडम म्हणाल्या.

"त्यांनाही दाखवते थोडी," एपांग म्हणाली. आजवर तिने उलट उत्तर दिलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी औषधांच्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

मॅडमनी हात लांब करून तिचं मनगट धरलं. "मला असं कुठेतरी सोडायचं नाही. मला घरी यायचंय. वचन दे."

"मानाय, तसं कोणी करत नाही. आलेला माणूस जात नाही मग."

"मला कुठे जायचंय?"

वाखाचा धागा एपांगच्या बोटांत तसाच ताणलेला होता. मग तिने मान हलवली. "आणीन घरी." मॅडमनी मनगट सोडलं. त्या गोऱ्या कातडीवर चार बोटं उमटली होती.

मला बाहेर सोडायला आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "नोनॉय, जिवंतपणी एकोणसाठ वर्षं झाली. आता ही मेल्यावरही त्याच घरात राहणार. आणि मी तिच्यासोबत. सकाळी पाचला उठ, इथे बस, तिथे जाऊ नको. मरेपर्यंत. मेल्यावरही कदाचित."

"मग हो कशाला म्हणालात?"

"बहीण आहे ती."

मॅडम साबेल एका शुक्रवारी गेल्या. पुरायच्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर अख्खं गाव दफनभूमीत होतं. माती पडली, लोक आपापल्या टपऱ्यांकडे पांगले. तिया एपांग येऊन डब्यात बसली. काळे कपडे, मांडीवर पिशवी. मी किक मारली, गाडी पुढे काढली आणि हँडल असं काही उजवीकडे खेचलं गेलं की आम्ही गटारात जाता जाता वाचलो. न्हावी, गवंडी, सगळे पाहुण्यासारखे बसायचे. हे बसणं मालकिणीचं होतं.

"घरी?" मी विचारलं. आवाज माझाच, पण शाळेतला.

"आधी तिवीला. कोण जाणे, आवडेलही तिला."

तिवीला तिने दोन पेले मागवले. एक समोर ठेवला. बर्फ वितळला, रताळं तळाला गेलं. परत निघालो तर हँडल तेवढंच जड. मग काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर गेलो. एपांगने चपला काढल्या, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि मागे वळून हाक मारली, "ये गं मानाय, कोमट आहे!" डब्यात कोणी नव्हतं. मी मात्र डब्याकडे पाठ करून उभा राहिलो होतो, आणि माझ्या मानेवर कोणीतरी सातचा पाढा विचारण्याआधी बघतं तसं बघत होतं. परतलो. जडच. मॉलपाशी थांबलो. पहारेकऱ्याने आम्हाला ओळखलं, डब्यात नजर टाकली आणि आत निघून गेला.

"उतरत नाही," तिया एपांग म्हणाली. तिचा खांदा थरथरत होता, भर दुपारी, उन्हात. "ही उतरायची नाही, नोनॉय. हिला घरच हवंय."

"वचन दिलंत ना."

"दिलं." ती रस्त्याकडे बघत राहिली. ताबाकोचं बंदर तिथून दिसतं. कातांदुआनेस बेटावर जाणारी दुपारची शेवटची बोट लागली होती. "त्या बोटीत मी कधी बसले नाही."

"तुम्ही कुठल्याच बोटीत बसला नाहीत, तिया."

"तिला घरी आणीन असं म्हणाले मी. मी घरी येईन असं म्हणाले का?"

मला कळायला थोडा वेळ लागला. तोवर आम्ही धक्क्यावर होतो, तिने तिकीट काढलं होतं. डब्यापाशी परत आली, पिशवीतून घराची किल्ली काढली आणि बाकाच्या त्या रिकाम्या अर्ध्या भागावर ठेवली. मग वाकून, अगदी हळू बोलली. मी ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकलं.

"घर तुझं, मानाय. सगळं जिथल्या तिथे आहे. रागावू नकोस. तुझ्यावर माया आहे माझी, पण मी येत नाही." उभी राहिली, डोळे पुसले. "नोनॉय, हिला घरी सोड."

"मी? एकटा?"

"एकटा कुठे?"

आणि गेली. फळीवरून जाताना दोन्ही हातांनी दोर धरला होता. वर पोचल्यावर या वेळी तिने हात केला नाही.

बंदर ते मालिनाओ फार तर सहा किलोमीटर. तो रस्ता मी झोपेत चालवू शकतो. त्या दिवशी तास लागला. मी गाडी खड्ड्यांतून हळू काढत होतो, कोणी म्हाताऱ्या बाईला घेऊन जावं तशी. बाजाराच्या वळणावर एक बाई टोपली घेऊन आडवी आली. थांबवलं, आत पाय ठेवायला वाकली आणि मागे झाली.

"भरलंय होय! आधी सांगावं की."

"एकच आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग सरकायला सांग ना तिला." मग तिने परत आत पाहिलं, टोपली छातीशी धरली आणि भाजीच्या दुकानात शिरली.

घरापाशी थांबलो. किल्ली उचलली. भर उन्हात ती विहिरीतून काढल्यासारखी गार होती. फाटक उघडलं, दार उघडलं, आणि बाजूला झालो. शाळा सुटताना म्हणायचो तेच म्हटलं, "येतो, मॅडम." माझ्या मागे रस्त्यावर साइडकारची स्प्रिंग कुरकुरली आणि डबा वर आला. पायऱ्यांवर कोणाची पावलं वाजली नाहीत. फक्त दार, जे मी सताड उघडं ठेवलं होतं, ते सावकाश, आवाज न करता, आतून लागलं.

मीही थेट घरी गेलो नाही, हे सांगायला नकोच. समोरच्या सलूनमध्ये बसून दाढी-मिशी गुळगुळीत तासून घेतली. आई म्हणाली, "हे काय थोबाड?" मी म्हटलं, "नवीन काहीतरी केलं."

तिया एपांग आता त्या बेटावर, विराकला मासळीच्या जाळ्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहते. चपला विणते. साठाव्या वर्षी पोहायला शिकली, सध्या वीस हात जाते आणि मग घाबरते. मी महिन्यातून एकदा तिला फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला, "घर कसं आहे?"

"नीट आहे. अंगणात पान पडलेलं दिसत नाही."

"झाडतं कोण?"

"मी नाही."

मागे समुद्र ऐकू येतो. गेल्या महिन्यात मी तिला सांगितलं की तहसीलचा नवा कारकून आलाय, बायको-मुलं आहेत, घर भाड्याने मागतोय, चांगला माणूस वाटतो. ती रडत होती की खारा वारा फोनमध्ये शिरत होता, कळलं नाही.

"त्याला सांग," ती म्हणाली, "घर रिकामं नाही."