मागून वाचणारी शिवकांता

लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांची एक गल्ली आहे. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात शिवकांता अकरा वर्षं कामाला आहे. शिक्षण दहावी नापास, तेही इंग्रजीत. यंत्रातून कागद वर तोंड करून पडतात, म्हणून गठ्ठ्यात शेवटचं पान सगळ्यात वर येतं. नोट्स ती मागून पुढं लावते.

इंग्रजी शब्दही ती मागूनच फोडते. क्लासवाल्यांचं एक पान होतं, लांबलचक शब्दांचे तुकडे आणि समोर मराठी अर्थ. त्याच्या हजारो प्रती काढता काढता ते तिला पाठ झालं. शेवटी ‘आयटिस’ असलं की सूज, ‘एक्टॉमी’ असलं की कापून काढणं. काय सुजलं, काय कापलं, ते अलीकडच्या तुकड्यात.

गेल्या वर्षी उदगीरहून धाकटा भाऊ अमरेश बायकोला घेऊन आला. वर्षाराणी अठ्ठावीस वर्षांची, एक मुलगी. गर्भाशयात गाठ होती, ती काढायची असं घरी ठरलेलं. खासगी दवाखान्यात संमतीचा इंग्रजी कागद पुढं आला तेव्हा अमरेशनं पेनाचं टोपण काढलंही होतं.

“थांब रे. वाचू दे,” सोबत आलेली शिवकांता म्हणाली.

“अक्का, तू कलेक्टर हाईस का? मॅडमला काय वाटंल?”

शिवकांतानं सगळ्यात लांब शब्दाच्या शेवटावर बोट ठेवलं. एक्टॉमी. बोट डावीकडं सरकवलं. हिस्टर. म्हणजे गर्भाशय.

“हितं गाठ न्हाई लिहिली. पिशवीच काढायचं लिहिलंय.”

“मला तर कुणी इचारलंच न्हाई,” वर्षाराणी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फाइल पुन्हा उघडली. “मी यांच्या मिस्टरांना विचारलं होतं, पिशवीच काढू का म्हणून. हे ‘जी’ म्हणाले.”

अमरेश त्या दिवशी प्रत्येक प्रश्नाला ‘जी’ म्हणाला होता. मोठ्या माणसापुढं तो तसाच बोलतो.

“नुसती गाठ निघत न्हाई का?” शिवकांतानं विचारलं.

“निघते. पण पुन्हा होऊ शकते. यांना काय हवंय?”

वर्षाराणीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग खाली. “नुसती गाठ.”

दुसरा कागद आला. मायोमेक्टॉमी. शेवटचा तुकडा ओळखीचा होता. अलीकडचा क्लासच्या पानावर नव्हता. शिवकांतानं सरळ विचारलं.

“मायोमा म्हणजे ही गाठ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अमरेशनं पेन पुन्हा उघडलं. शिवकांतानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि वर्षाराणीला दिलं.