शुक्रवार, पाचच्या आत

३० जानेवारी २०२४, मंगळवार. तेलेसिआच्या खात्यात त्या दिवशी चार हजार दोनशे सतरा डॉलर पंच्याऐंशी सेंट होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिला विद्यापीठाला हो किंवा नाही कळवायचं होतं.

अभ्यासक्रम नर्सिंगच्या पदवीचा. एरवी त्याला तीन वर्षं लागतात, पण आधीची पदवी असलेल्यांना तो दोन वर्षांत उरकता येतो. तेलेसिआकडे विज्ञानाची पदवी होती, टोंगात असताना तिने शाळेत मुलांना शिकवलंही होतं. ऑस्ट्रेलियात, मिल्ड्युरात, या सगळ्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. इथे ती म्हाताऱ्यांच्या निवासात मदतनीस होती. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. गोळी द्यायची ती नर्सने, जखम बघायची ती नर्सने. काही वेगळं दिसलं तर तेलेसिआने "नर्स, जरा इकडे येता का?" एवढंच म्हणायचं. नऊ वर्षं ती तेवढंच म्हणत आली होती.

मी तिचा मामा, फेलेती. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये हिशेब बघतो, निवृत्तीला थोडे दिवस उरलेत. आमच्या लोकांत भाचीपुढे मामा म्हणजे घरचा गडी. तिने हाक मारायची, मी धावायचं. मान असतो आत्याचा. बापाच्या थोरल्या बहिणीने घरात येऊन चटई मागितली तर चटई द्यायची, डुक्कर मागितलं तर डुक्कर. आणि ती नाही म्हणाली की विषय संपला.

हो म्हणायचं तर अडचण भाड्याची होती. आठवडाभर वर्ग, मध्येच इस्पितळातल्या बिनपगारी पाळ्या, म्हणजे नोकरी फक्त शनिवार-रविवारची. घरभाडं तिचा धाकटा भाऊ पाउलिआसीने उचललं तरच जमणार होतं. तो तिच्याच घरामागच्या गॅरेजात राहायचा आणि माझ्याच शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. पण बहीण-भाऊ अशा गोष्टी समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं.

"भाडं माझं," तो म्हणाला. "दोन वर्षं. ताईला सांगा, काळजी करू नको."

"मग तोंड का पाडलंस?"

"त्या पाळ्या कुठल्या इस्पितळात असतात, मामा?"

"विद्यापीठ पाठवेल तिथे. बहुतेक इथल्याच."

"मग झालं. मी मेलो तरी त्या दारातून आत जाणार नाही."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. वयात आल्यावर भाऊ बहिणीच्या खोलीत जात नाही, बहीण भावाच्या नाही. अंगाचं दुखणं, न्हाणं, कपडे, यांतलं काहीही एकमेकांच्या देखत बोलायचं नसतं. शिवाय चुलत, मामे, मावस सगळे भाऊच. परक्या म्हाताऱ्यांना धुवायला तेलेसिआला काही वाटत नव्हतं. इस्पितळात मात्र आपलीच माणसं येणार होती.

बुधवारी आत्याचा, लेसिएलीचा, रॉबिनव्हेलहून फोन आला. तेलेसिआ अळूच्या पानांत मांस गुंडाळत होती, हात भरलेले, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

"रग्बीच्या संघात आपली किती पोरं आहेत गं?"

"असतील दहाएक, आत्या."

"दहाच्या दहा तुझे भाऊ. दर शनिवारी एकाचं तरी हाड मोडतं. तू चादर वर करणार, आणि चादरीखाली कोण? तुझ्याच काकाचा मुलगा! पोरगा हाडाने मरायचा नाही, लाजेने मरेल."

"मी आधीच सांगेन ना, दुसऱ्या नर्सला पाठवतील."

"शिकायला आलेलीचं कोण ऐकतं? मामा, तू का गप्प? हिशेब सोडून तुझ्या डोक्यात काही शिरतं का?"

मी म्हणालो, "शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"शुक्रवारचं मला सांगू नकोस," असं म्हणून तिने फोन ठेवला. नाही असं ती म्हणाली नव्हती. तेलेसिआने एवढंच धरून ठेवलं.

गुरुवारी पाउलिआसी कामावर आला नाही. द्राक्षांचा हंगाम नुकता लागला होता, ट्रक उभे होते, आणि असा न सांगता घरी राहणारा तो माणूस नव्हता. फोन उचलेना, म्हणून दुपारी मी गॅरेजवर गेलो. बाहेर बेचाळीस अंश, आत त्याहून जास्त, आणि तरी तो पांघरूण घेऊन कुडकुडत होता. खोलीला वास येत होता. मी पांघरूण उचललं. डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती, तिच्या शेजारचं बोट निळं.

"हे कधीपासून?"

"पॅकिंगची तार घुसली होती. दोन आठवडे झाले असतील. दुखतच नव्हतं, मामा."

त्याला मधुमेह आहे हे आम्हाला माहीत होतं. पायाचं कुणालाच माहीत नव्हतं. त्या घरात पाय बघून कळणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस बहीण होतं.

तेवढ्यात तेलेसिआ पाळी संपवून आली. माझी गाडी दारात बघून मागे आली आणि गॅरेजच्या दाराशी थबकली. वास तिलाही आला. ती आत आली नाही. दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"मामा, पाय आहे का?"

"हो."

"ताईला जायला सांगा," पाउलिआसी कण्हत म्हणाला.

"त्याला सांगा, मी बघत नाहीये. मामा, तुम्ही बघा. काळं कुठपर्यंत?"

"करंगळी. पुढचं निळं."

"लाली?"

"घोट्याच्या खाली."

"पेन आहे ना खिशात? लाली जिथे संपते तिथे रेघ काढा. पूर्ण गोल. मग तळपायाला पेनचं टोक लावा आणि विचारा, कळतं का."

मी टोचलं. त्याला कळलं नाही. मी तसं सांगितलं.

"पाणी द्या त्याला. थोड्या वेळाने रेघ परत बघा."

आम्ही थांबलो. ती उन्हात, भिंतीकडे तोंड करून. मी आत, त्याच्या पायाशी. बाहेरून ती विचारायची, श्वास भरभर चाललाय का, बोलणं असंबद्ध होतंय का, आणि मी सांगायचो. मग मी पुन्हा पाहिलं तर लाली रेघ ओलांडून घोट्यावर चढली होती.

"रुग्णवाहिका बोलावते," ती म्हणाली.

"मी जाणार नाही!" पाउलिआसी ओरडला. "मामा, उद्या बरं वाटेल. त्या इस्पितळात मी जाणार नाही म्हणजे नाही."

"त्याला सांगा, उद्यापर्यंत पाय उरणार नाही."

"बोटं तर गेलीच आहेत. जाऊ दे."

तेलेसिआने रुग्णवाहिका बोलावली, पण माणूस स्वतः नको म्हणत असेल तर ते उचलून नेत नाहीत, हे तिला कामावरून ठाऊक होतं. ती दोन पावलं दाराकडे आली. मला वाटलं, आता आत येणार. ती आली असती तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं असतं आणि एक शब्दही बोलला नसता. तिने दुसरा नंबर लावला, तीन-चार वाक्यं बोलली, आणि मान वळवलेली ठेवून फोन दारातून माझ्या हातात दिला. मी तो पाउलिआसीच्या कानाशी धरला. आत्याचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"पाउलिआसी. मी लेसिएली. तुझ्या बापाने माझ्या शब्दापुढे कधी तोंड उघडलं होतं का?"

"नाही, आत्या."

"मग ऊठ. गाडी आली की त्यात बस."

तो बसला.

शुक्रवारी सकाळी त्याची दोन बोटं काढली. दुपारी आत्या बसने आली आणि बसथांब्यावरून टॅक्सी करून इस्पितळाच्या दारात उतरली. टॅक्सीवाला पैशांसाठी थांबला होता. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आत चालू लागली. मी अठरा डॉलर चाळीस सेंट दिले.

वॉर्डात पाउलिआसीच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत डॉक्टरीणबाई पाय बघत होत्या. तेलेसिआ पडद्याबाहेर, पडद्याकडे पाठ करून. डॉक्टरीणबाई सावकाश, नीट समजावत होत्या आणि आमचा माणूस प्रत्येक वाक्याला "हो, हो, धन्यवाद" म्हणत होता. मोठ्या माणसासमोर आम्हाला तेवढंच बोलता येतं.

"त्याला काही कळलेलं नाही," तेलेसिआ पडद्याबाहेरून इंग्रजीत म्हणाली. "मी विचारू का? टाचेला संवेदना आहे? शिरेतून औषध किती दिवस? घरी पट्टी कितीदा बदलायची?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही कोण?"

"बहीण."

"मग आत या ना."

"बहीण आहे म्हणूनच येत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मग त्यांनी तसंच, कापडाच्या आडून, सगळं सांगितलं. टाचेला थोडी संवेदना होती. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. फोर्कलिफ्ट तीन महिने तरी नाही, कदाचित पुढेही नाही.

बाई गेल्या. आत्या खुर्चीत टेकून होती.

"झालं," ती म्हणाली. "आता पुस्तकं बंद. भाड्यापुरत्या जास्तीच्या पाळ्या माग. पुढचं पुढे."

"हो, आत्या," तेलेसिआ म्हणाली. सवयीने. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते आणि ती तिकडे बघायचं टाळत होती. मी मामा. माझ्या मताला तिथे किंमत नव्हती.

पडद्यामागून पाउलिआसी बोलला. "मामा, आत्याला एक विचारा. घरी माझी पट्टी कोण बदलणार?"

"मामा बदलेल की," आत्या म्हणाली.

"मामाला लाल आणि काळं एवढंच कळतं. दाराबाहेर कुणीतरी शिकलेलं उभं पाहिजे. ताईने आज हो कळवलं नाही तर मी घरी यायचा नाही. इथेच पडून राहीन."

"त्या दारातून आत येणार नव्हतास ना रे तू?"

"आलो ना. आता काय!"

आत्याला हसू फुटलं, पण तिने ते दाबलं. "आणि भाडं कोण भरणार? तुमचा बाप माझाच भाऊ. जिवंत असताना त्याने कधी वेळेवर भरलं नाही, आता काय वरून पाठवणार?" मग तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. आमच्या लोकांत आत्या घेते. आत्या देत नाही. "पेन्शन येते मला. रॉबिनव्हेलची खोली सोडते. तुझ्या घरातली पुढची खोली माझी."

"पुढची खोली माझी आहे, आत्या."

"होती."

"मग मी अभ्यास कुठे करू?"

"गॅरेज आहे की. असा पाय घेऊन त्याला का तिथे ठेवणार आहेस? तो मधल्या खोलीत, तू गॅरेजात. बहीण-भाऊ एका छपराखाली नकोतच."

तेलेसिआने डोळे मिटले. पहाटे पाचला आत्याची भजनं, रोजचे पाहुणे, स्वयंपाकघरात तिचा शब्द, आणि हे सगळं दोन वर्षं. एकदा राहायला आलेल्या आत्याला जा म्हणता येत नाही. ती मला म्हणाली, "मामा, गॅरेजात पंखा लागेल."

"लावतो," मी म्हणालो.

वॉर्डात नेटवर्क नव्हतं. ती जिन्याजवळच्या खिडकीशी गेली, मी मागोमाग. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हात कपड्यांना पुसले आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. पाचला अकरा मिनिटं कमी असताना विद्यापीठाला होकार गेला. ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकून थोडी रडली, मग तोंड धुवायला गेली.

मी परत आलो तेव्हा आत्याने विचारलं, "टॅक्सीवाल्याने किती घेतले रे?"

मी सांगितलं.

"फार घेतले," ती म्हणाली.

वर्ग २६ फेब्रुवारीला सुरू झाले. लेसिएली त्याच्या आधीच्या शनिवारी सामानासकट राहायला आली. तिच्याकडून मला टॅक्सीचे अठरा डॉलर चाळीस सेंट अजून यायचे आहेत.